खांबाला नाही म्हणत नाहीत

आमच्याकडं केळीला काहीही झालं की त्याला व्हायरस म्हणतात. पानावर पिवळे पट्टे उमटले, व्हायरस. पानं कडेनं करपली, व्हायरस. खोड कुजून वास सुटला, तरी व्हायरसच. शाहपूरच्या बसमध्ये बसा, चहाच्या टपरीवर उभे राहा, कुणाकडं जेवायला जा, हा शब्द कानावर पडल्याशिवाय परत येणार नाही. आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. बुऱ्हानपूरच्या एका शाळेत मी उभा जन्म विज्ञान शिकवलं. शाळा हिंदी होती म्हणून हिंदीतून शिकवलं, पण फळ्यावर तीन रकाने आखून शिकवलं: कवक, जीवाणू, विषाणू. कवक म्हणजे आपली बुरशी, एवढाच काय तो फरक. तीन वेगळे प्रकार, तीन वेगळ्या खोडी, तीन वेगळे उपाय. सातवीतल्या पोरांना ते कळायचं. तीच पोरं मोठी होऊन शेती करायला लागली की सगळं कुठं जातं, कोण जाणे.

या शब्दाला कारण आहे, तेही सांगते, नाहीतर मी उगाच लोकांना नावं ठेवते असं व्हायचं. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात केळीवर खरोखरीचा व्हायरस आला होता, मावा किडीमुळं पसरणारा. दोन-तीन महिन्यांची रोपं पिवळी चट्टेरी व्हायची आणि तिथंच खुंटायची. त्या वेळी सगळ्यांनी एकच गोष्ट पाठ केली: दिसलं रोप की मुळासकट उपट आणि शेताबाहेर काढ. त्या रोगाला ते बरोबरच होतं. पण त्यानंतर लोक प्रत्येक रोगात तेच करायला लागले. मर रोग बुरशीचा असतो आणि ती बुरशी मातीत राहते. झाड उपटून ओढत नेलं की मुळांची माती वाटभर सांडते आणि माती सांडेल तिथं रोग पोचतो. एका रोगात जे शहाणपण, ते दुसऱ्यात पायावर धोंडा. हे मी किती जणांना सांगितलं असेल. लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, बरोबर आहे मॅडम, हा व्हायरसच तसा आहे.

शाहपूरजवळ माझ्या धाकट्या भावाची सहा एकर केळी आहे. वडिलांनी मागं ठेवलेली तेवढीच जमीन. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं आहे, आणि शेत सोडून बाकी सगळ्या बाबतीत तो माझं ऐकतो. लग्न कुठं करायचं ते मला विचारलं, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं ते मला विचारलं. शेतातलं मात्र मी काही बोलले की तो हसतो. म्हणतो, ताई, पुस्तकातली केळ वेगळी, खेतातली वेगळी. वहिनी असते त्याच्याबरोबर दिवसभर शेतात, ती हसत नाही, पण बोलतही नाही. तिचा स्वभावच कमी बोलण्याचा.

मी निवृत्त झाले त्या श्रावणात घरी सत्यनारायण घातला. दर वेळी पूजेला केळीचे खांब भाऊ शेतातून आणायचा. त्या दिवशी पावसामुळं त्याला निघायला उशीर झाला, म्हणून मी बाजारातल्या फुलवालीकडून चार घेतले. चांगले हिरवेगार होते. कुठल्या शेतातले, हे मी विचारलं नाही. भाजी घेताना मी दहा प्रश्न विचारते, पण देवाच्या चौरंगाला बांधायच्या खांबांना एकही विचारला नाही. पूजा झाली, प्रसाद झाला, येणाऱ्याजाणाऱ्यांना दराबा, आमची बुऱ्हानपुरी मिठाई, वाटून झाला, आणि दुसऱ्या दिवशी खांबांचं काय करायचं हा प्रश्न आला. कचरागाडीत देवाचं कसं टाकायचं? तापीवर नेऊन सोडावे तर पाणी चढलेलं. भाऊ गावाकडं निघालाच होता. मी त्याला म्हणाले, "ने बाबा, आपल्या शेतातल्या म्हसोबापाशी ठेव. मातीचं मातीत जाईल."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचंही नाही. फळ्यावर तीन रकाने आखणाऱ्या बाईचं आहे. भावानं खांब मोटरसायकलला आडवे बांधले आणि नेले.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी शाहपूरला गेले, तेव्हा भाऊ घरात नव्हता. वहिनी म्हणाली, ते दवाई आणायला गेलेत, चार झाडं पिवळी पडलीत. कुठली झाडं, म्हणून विचारलं तर म्हणाली, म्हसोबाच्या कोपऱ्यातली. मी पाणीसुद्धा प्यायले नाही, तशीच शेतात गेले. खालची जुनी पानं कडेकडेनं पिवळी होऊन देठातून मोडली होती आणि खोडाभोवती लोंबत होती. वरचं कोवळं पान अजून हिरवं होतं. एका खोडाला बुंध्याशी उभी चीर गेली होती. पूजेचे खांब तिथंच म्हसोबापाशी पडलेले होते, काळे होऊन, अर्धे मातीत गेलेले. त्यांच्यावरचं माझं हळदकुंकू पावसानं धुऊन गेलं होतं.

तेवढ्यात भाऊ बाटल्या घेऊन आला. कुणी दिल्या, म्हणून विचारलं तर औषधांच्या दुकानदाराचं नाव सांगितलं. तो माझाच विद्यार्थी. त्याला फोन लावला. "मॅडम, व्हायरस है," तो म्हणाला. "दो स्प्रे में काबू में आ जाएगा." झाड पाहिलंस का, म्हटलं. नाही पाहिलं. फोटो पाहिला का? तोही नाही. भावानं सांगितलं पिवळं पडलंय, यानं बाटली काढून दिली. या मुलाला मी पास केलं होतं. त्यानं बुरशी हा व्हायरसचा एक प्रकार आहे असं परीक्षेत लिहिलं असणार आणि मी त्याला अर्धा मार्क दिला असणार, त्याशिवाय हे व्हायचं नाही. आजार रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात, इथं तर रेडाही कुणी पाहिलेला नव्हता.

मी भावाला म्हटलं, फवारणी करू नकोस, आधी एक खोड आडवं कापून आत बघू. त्याला ते पटेना. संध्याकाळ झाली होती, मी बुऱ्हानपूरला परतले. जाताना दहा वेळा बजावलं की उपटू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला तर भाऊ म्हणतो, झालं काम, तीन काढून टाकली. कुठं टाकली? नाल्यात. कशी नेली? ओढत. सहा एकरांच्या मधोमध जी वाट जाते, त्या वाटेनं, मुळांना मातीची ढेकळं लटकलेली तीन झाडं त्यानं ओढत नेली होती. मी फोनवरच रडले. दुःखानं नाही, संतापानं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

चौथं झाड उभं होतं, ते मी त्याच दिवशी जाऊन कापायला लावलं. बुंध्यापासून हातभर उंचीवर आडवं. आतल्या पांढऱ्या गाभ्याभोवती तांबूस तपकिरी कडी दिसली. भाऊ वाकून बघत राहिला. त्याला म्हटलं, ही पाण्याची वाट आहे झाडाची, बुरशी इथं शिरते आणि वाट बंद करते, म्हणून पान वरून पाणी पाणी करत मरतं. तुझ्या बाटलीतलं काहीही तिथवर पोचत नाही. मी खोडाचे तुकडे कागदात गुंडाळले आणि कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत तपासणीला दिले. तिथल्या तरुण बाईंनी नंतर मला समोर बसवून सांगितलं की पनामा मर आहे, आमच्या जी-नाईन जातीच्या केळीलाही धरणारा. बरं करायचं औषध नाही. फक्त पसरू द्यायचा नाही. झाड जागच्या जागी मारायचं, हलवायचं नाही. तो तुकडा दोरीनं बंद करायचा. आत पाय नको, अवजार नको, त्यातून वाहणारं पाणी बाकीच्या शेतात नको. दाराशी जंतुनाशकाच्या पाण्याचं घमेलं ठेवायचं आणि प्रत्येकानं चपला-बूट धुऊनच आत यायचं. बुंध्याशी फुटलेली पिलं कापायचा विळा धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचा नाही. त्या कोपऱ्यात पुन्हा केळी लावायची नाही, वर्षानुवर्षं नाही, कारण बुरशी मातीत झोपून वाट बघते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. बाई फार नीट सांगत होत्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

भावाला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बाईंनी सांगितलेलं सगळं. दुसरी, की हे बहुतेक माझ्या पूजेच्या खांबांतून आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, देवाच्या खांबातून रोग येतो का कधी, ताई. आणि यावर तो ठाम राहिला.

बाकीचं त्यानं अर्धं केलं. कोपरा दोरीनं बांधला. घमेलं ठेवलं. पण मजूर बायका त्या घमेल्याला वळसा घालून जायच्या, कारण त्या पाण्यानं पायाला खाज सुटते असं कुणीतरी उठवून दिलं होतं. भावाचा एक चुलत सासरा आला, तो घमेलं पाहून म्हणाला, ताईंनी शेताला सोवळं नेसवलंय वाटतं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. आमच्याकडं स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, देवघरात चालत नाही, लोणच्याच्या बरणीला ओला हात चालत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतील, बुरशी येते ना. लोणच्याची बुरशी सगळ्यांना कळते. सहा एकरांची कळत नाही.

आणि एक गोष्ट भावानं माझ्याकडून वदवून घेतली. म्हणाला, "ताई, बाहेर बोलू नको. केळी कापायच्या टोळीनं ऐकलं तर येणार नाही. व्यापारी बांधावरूनच परत जाईल. जेठात माल निघू दे, मग तुले जे करायचं ते कर." झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही वर म्हणाला. मी भांडले. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती, तिच्याकडं पाहिलं तर तिनं नजर खाली घातली. वर्षभराचं पीक उभं होतं, घड धरायला लागले होते. मी बरं म्हटलं. तीन महिने माझ्या तोंडाला कुलूप होतं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, भावाची केळी कशी आहे, तर मी म्हणायचे, छान आहे. एरवी मी लोकांना रस्त्यात थांबवून बुरशी आणि व्हायरसमधला फरक सांगते. त्या तीन महिन्यांत कुणाला सांगितला नाही.

वैशाखात मी चार दिवस राहायला गेले होते. एका सकाळी बांधाला बांध लागून असलेला शेजारी आला. भावाच्या वयाचा, चांगला माणूस, त्याची आठ एकर केळी. मुलीचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं. पत्रिका आधीच दिलेली होती. ओसरीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, मांडवाला चार खांब पाहिजेत, तुमच्या शेतातले नेतो.

आमच्याकडं खांबाला नाही म्हणत नाहीत. लग्न असो, पूजा असो, कुणी केळीचे खांब मागितले तर द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, कारण विचारायचं नाही. वैरी आला तरी द्यायचे. भावानं क्षणाचाही वेळ घेतला नाही. म्हणाला, ने की, बरे पाहून घे, घडासकट घे.

मी भावाकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघेना. म्हणजे यानं शेत झाकलं तिथवर ठीक होतं, तेही ठीक नव्हतं, पण आता हा रोग दुसऱ्याच्या मुलीच्या मांडवात पाठवायला निघाला होता, आणि मांडव उतरला की ते खांब जाणार कुठं? देवाचे म्हणून त्याच्याच शेतात. मला राहवेना. मी म्हणाले, "नेऊ नका. यांच्या केळीला मर लागलाय. बुरशीचा. संक्रांतीपासून आहे."

भाऊ "ताई" एवढंच म्हणाला. वहिनी आतून बाहेर आली. मला वाटलं शेजारी आता चिडेल, विचारेल की इतके महिने सांगितलं का नाही. तो कपबशीकडं बघत बसला होता. मग एकाएकी माझ्या डोक्यात आलं की या माणसाची स्वतःची आठ एकर केळी आहे. केळीवाला माणूस केळीचे खांब दुसऱ्याकडं मागायला कशाला येईल?

मी विचारायच्या आधीच तो बोलला. "माझ्यात मागच्या सालापासून हाये, ताई. मांडवाले रोगट खांब कसे लावू? पोरीचं लग्न हाये. म्हणून तुमच्याकडं आलो."

मागच्या सालापासून. आणि मागच्या जेठात, लावणीच्या आधी, भावाच्या शेतात मशागतीला जो रोटाव्हेटर फिरला होता तो याचाच होता. स्वतः घेऊन आला होता, शेजारधर्म म्हणून. त्याच्या शेतातून निघाला, बांध ओलांडला आणि दात्यांत अडकलेल्या मातीसकट आमच्या सहा एकरांत फिरला. हे त्याला ठाऊक होतं का? मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, माती धुवायची असते हे मले कोणी सांगितलं नाही. आणि रोग आहे हे तुम्ही का सांगितलं नाही? तर म्हणाला, तुम्ही सांगितलं का?

मग मी जे बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. चांगल्या घरातली, निवृत्त झालेली बाई ओसरीवर उभी राहून दोन बाप्यांना जे बोलू नये ते बोलली. तेरी भी चुप, मेरी भी चुप, आणि मधल्या मधे जमीन चालली, वडिलांनी ठेवलेली एकुलती एक जमीन, आणि तुम्ही दोघं चहा पिताय. भावाला म्हटलं, तुला टोळीची भीती. याला म्हटलं, तुम्हाला लोकांची भीती. मातीची भीती कुणालाच नाही. खरं सांगते, त्या रागात एक वेगळी भर होती. तीन महिने मी रात्रंदिवस एकच धरून बसले होते की हे माझ्या हातून झालं. आता रोटाव्हेटरमधून आला असेल की माझ्या खांबांतून, हे कुणीही सांगू शकणार नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला उलट या माणसाचा जास्तच राग आला.

तेव्हा वहिनी बोलली. ती म्हणाली, "रामनवमीला देवळात आठ दिलेत आपण."

कुणालाच आधी कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. रामनवमीला गावच्या देवळात मांडव होता, देवळातून माणूस आला, भावानं आठ खांब तोडून दिले. उत्सव संपल्यावर लोकांनी ते प्रसाद म्हणून वाटून नेले. आपापल्या शेतात ठेवायला. म्हणजे रोग झाकून ठेवल्याला अडीच महिने झाल्यावर. मी भावाला विचारलं, हे खरं का. तो म्हणाला, देवाला नाही कसं म्हणू? आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी त्याला जवळ घेतलं नाही. माझा हात उठला नाही.

पण त्या दुपारी आम्ही चौघं ते खांब परत गोळा करायला निघालो. वहिनीला कोणी कोणी नेले ते बरंचसं आठवत होतं. मला वाटलं होतं, दारोदार जाऊन भाऊ आता खरं काय ते सांगेल. पहिल्याच घरी तो म्हणाला, देवळातल्या खांबांचं विसर्जन राहून गेलं, गुरुजी म्हणतात परत आणा. शेजाऱ्यानं मान डोलावली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या घरच्या बाईनं हात जोडले आणि मुलाला शेतात पिटाळलं. देवाचं नाव घेतलं की लोक पटकन ऐकतात. गुरुजींना यातलं काही माहीत नव्हतं. दिवस मावळेपर्यंत पाच खांब मिळाले. एक तापीत सोडलेला होता. दोघांचा पत्ताच लागला नाही. एकेका घरून निघाल्यावर मी भावाला म्हणायचे, पुढच्या घरी सांग. तो हो म्हणायचा आणि पुढच्या घरी विसर्जनच सांगायचा.

पाच खांब आणि म्हसोबापाशी राहिलेले माझे, असे सगळे बंद कोपऱ्यात जाड प्लास्टिकवर चिरून वाळत घातले. जाळायला भाऊ घाबरत होता. देवाचं जाळायचं कसं? शेवटी मीच उठून गुरुजींकडं गेले आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, अग्नीला दिलेलं देवालाच पोचतं, जाळा खुशाल. एवढं सोपं होतं. श्रावणात कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवाला प्लास्टिकचे खांब होते. टेंटवाल्यानं भाड्यानं आणलेले, हिरवेगार, वर पिवळ्या धमक केळ्यांचा घड, पानांना धुळीचा थर. मांडवाच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर केळीच केळी, आणि मधे हे. शेजाऱ्याच्या बायकोनं मला मोठी म्हणून खांबांना हळदकुंकू लावायला पुढं केलं. कुंकू लागेना, घसरून खाली पडे. तिच्यासाठी मी तीनदा लावलं. तिचा काही दोष नव्हता, पण माझा जबडा दुखेपर्यंत दात आवळलेले होते.

वऱ्हाडात चांदणी गावाकडचा एक पाहुणा होता. पन्नाशीचा, तोही केळीवालाच, हातात जेवणाचं ताट घेऊन खांबांपाशी उभा राहिला आणि बोटानं पान वाजवून मोठ्यानं हसला. म्हणाला, काय मंडळी, केळीच्या गावात प्लास्टिकचे खांब, इज्जतच घालवली तुम्ही. आजूबाजूचे हसले. शेजारी म्हणजे मुलीचा बाप, तो कसनुसा हसला आणि तिथून सरकायला लागला.

भाऊ माझ्या शेजारी उभा होता. तो पुढं झाला. त्याचा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला असेल. म्हणाला, "आमच्या दोघांच्या केळीले मर लागलाय. खांब देण्यासारखे राहिले नाहीत. देवळातले आठ माझेच होते, ज्यानं नेले त्यानं मले येऊन सांगा."

बँडवाले बाहेर वाजवत होते. लोक आमच्याकडं बघत होते. टोळीचा मुकादम जेवायला बसला होता, तोही बघत होता. मला वाटलं, आता भावाची केळी कापायला कुणी येणार नाही, आणि तरीही मला त्याचा हात धरावासा वाटला.

चांदणीच्या पाहुण्याचं हसू गेलं होतं. त्यानं ताट खाली ठेवलं, भावाच्या जवळ आला, इकडं तिकडं पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडंही?"

मी शाळेत व्याकरण शिकवत नव्हते, पण त्या 'ही'चा अर्थ मला कळला. मी त्याच्या दंडाला धरून त्याला खुर्चीवर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं, कधीपासून.